देवाची ओळख, की देवाशी ओळख?

नाशिकरोडच्या एका वाचकांनी विचारलं आहे: 'फेब्रुवारीत शेजाऱ्यांबरोबर बाळ येशूच्या यात्रेला गेलो होतो. तिथे प्रवचनात "देवाला ओळखा" हे पुन्हापुन्हा कानावर आलं. ओळख तर गल्लीतल्या माणसाची असते, बसमध्ये होते. देवाच्या बाबतीत "ज्ञान" किंवा "साक्षात्कार" म्हणायला हवं ना? की हे भाषांतराचं मराठी?'

भाषांतर आहेच, पण शब्द फार नेमका निवडलेला आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायात येशू प्रार्थनेत म्हणतो, की एकमेव खऱ्या देवाला आणि त्याने पाठवलेल्या ख्रिस्ताला ओळखणं हेच सार्वकालिक जीवन. प्रचलित मराठी बायबलात तिथे 'ओळखावे' हेच क्रियापद आहे. मूळ ग्रीकमधलं क्रियापद 'गिनोस्को'. त्यात सहवासातून, अनुभवातून कळणंही येतं.

'ओळख' हलकी वाटते ती 'तोंडओळख'मुळे. पण 'मी त्याला चांगला ओळखून आहे' म्हणताना आपण वर्षांचा हिशेब सांगत असतो. व्याकरणही बघा. 'मला देव ठाऊक आहे' यात देव ही एक ठाऊक असलेली गोष्ट झाली, पत्ता ठाऊक असावा तशी. रामकुंडावरचे तीर्थपुरोहित नामावळीची वही उघडून तुमच्या पणजोबांचं नाव, गाव, येऊन गेल्याची तिथी सांगतील. माहिती चोख, पण पणजोबांना त्यांनी ओळखलं असं कुणी म्हणणार नाही. ओळखीला समोरचा लागतो, आणि त्याने ओळख द्यावीही लागते. 'रस्त्यात भेटला, पण ओळख दिली नाही' ही तक्रार मराठीतच करता येते, आणि ख्रिस्ती श्रद्धेतली मोठी भीती नेमकी हीच आहे. मत्तयाच्या सातव्या अध्यायात 'प्रभू, प्रभू' करणारे, त्याच्या नावाने चमत्कार केलेले लोक येतात आणि त्यांना उत्तर मिळतं, की माझी तुमची कधी ओळखच नव्हती. गलतीकरांना, म्हणजे गलतीया प्रांतातल्या ख्रिस्ती मंडळींना, पत्र लिहिताना तर प्रेषित पौल वाक्याच्या मध्येच स्वतःला दुरुस्त करतो: आता तुम्ही देवाला ओळखता, किंबहुना देवाने तुम्हाला ओळखलं आहे. पुढाकार देवाचा.

आता 'ज्ञान'. बायबलात तोही शब्द आहे, होशेयाच्या सहाव्या अध्यायात होमार्पणापेक्षा देवाचं ज्ञान मोठं ठरवलं आहे. पण मराठी कान 'ज्ञान' कोऱ्या मनाने ऐकत नाही. त्र्यंबकला निवृत्तिनाथांची समाधी आहे. त्यांच्या शिष्याने, म्हणजे धाकट्या भावाने, या शब्दात अद्वैताचा एवढा अर्थ ओतून ठेवला आहे, की ज्ञान झालं म्हणजे जाणणारा आणि जाणलेलं हा भेद मावळला असंच आपण समजतो. ख्रिस्ती विचारात दोघे शेवटपर्यंत दोघेच राहतात. कितीही जवळीक झाली तरी भक्त भक्त आणि देव देव. दुसऱ्या शतकात गुप्त ज्ञानानेच मुक्ती मिळते म्हणणारे पंथ होते. त्यांच्याविरुद्ध लियोंचे बिशप इरेनियस यांनी विस्ताराने लिहिलं. म्हणजे 'ज्ञान' या शब्दाची धास्ती फक्त मराठीपुरती नाही.

'साक्षात्कार' एका क्षणाचा असतो. ओळख वाढत जाते.

बायबलातल्या या ओळखीच्या मागे जुन्या कराराचं हिब्रू क्रियापद 'यादा' आहे आणि ते चांगलंच अंगाला भिडणारं आहे. उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात आदाम आणि हव्वा यांच्या समागमासाठी हेच क्रियापद येतं. (आपल्याकडचे अनुवादक इथे साहजिकच थोडे संकोचतात.) मला त्याहून विलक्षण वाटतो यिर्मया हा संदेष्टा. बाविसाव्या अध्यायात तो राजाला त्याच्या बापाची आठवण देतो: त्याने गरिबाचा, गरजवंताचा न्याय केला, मला ओळखणं ते हेच नव्हे काय, असं परमेश्वर विचारतो. इथे ध्यान नाही, उपासना नाही, पाठांतर तर नाहीच. योहानाच्या पहिल्या पत्रातही तेच, जो प्रीती करत नाही त्याची देवाशी ओळख नाही. मराठीतही एखाद्याचे उपकार स्मरून वागणाऱ्याला 'ओळख ठेवली' म्हणतात. 'यादा'च्या या अर्थाजवळ जाणारा दुसरा प्रयोग मला सापडत नाही.

एक बारकावा मात्र प्रवचनकारांनी सांभाळावा. 'देवाची ओळख' म्हटलं की पाठ्यपुस्तकातल्या 'संगणकाची ओळख'सारखा पहिला धडा वाटू शकतो. 'देवाशी ओळख' म्हणा. त्या 'शी'त दोन बाजू आपोआप येतात. 'देवाला खोलवर जाणणे' आणि 'देवाबरोबर वैयक्तिक नातेसंबंध' हे हल्ली सर्रास ऐकू येणारे प्रयोग इंग्रजीवरून बेतलेले आहेत, आणि दुसरा तर अर्जातल्या रकान्यासारखा वाटतो. मराठीत ओळख खोल नसते, दाट असते. 'देवाशी दाट ओळख' म्हणायला काहीच हरकत नाही.