मासे पहाटेच का मरतात?

प्रश्न : आम्ही वैनगंगेवरच्या आंभोऱ्याच्या खालच्या अंगाला मासेमारी करतो. एप्रिल-मेमध्ये पहाटे जाळं काढायला गेलो की रोहू-कटला पांढरं पोट वर करून तरंगताना दिसतात. मरळीला मात्र काही होत नाही. कोणी विष टाकत असंल का जी? (ढीवर बांधव, कुही तालुका)

विष असतं तर भाऊ, मरळही उताणी पडली असती. मरळ आणि मागूर तोंड वर काढून हवा घेतात. रोहू-कटल्याला पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनवरच भागवावं लागतं. तो २५ अंशांच्या लिटरभर पाण्यात ८ मिलिग्रॅमच्या आसपास मावतो, ४० अंशांवर जेमतेम साडेसहा. शेवाळ दिवसा उन्हात ऑक्सिजन सोडतं आणि रात्री स्वतःच तो वापरतं, त्यामुळे पहाटे साठा सगळ्यात कमी. त्यात सांडपाणी आलं की घाण खाणारे जिवाणू उरलासुरला ऑक्सिजनही ओढून घेतात. कच्च्या सांडपाण्याच्या एका लिटरची ही भूक साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम. म्हणजे एक लिटर नाला नदीच्या २५-३० लिटर पाण्यातला ऑक्सिजन संपवू शकतो.

तक्रार कराल तेव्हा ऑक्सिजन पहाटे पाचला आणि दुपारी तीनला, दोन्ही वेळा, जागेवरच मोजायला लावा. अधिकारी दुपारी येतात, तेव्हा आकडा छान दिसतो.

प्रश्न : मग नागपूरचा सांडपाणी प्रकल्प करतो तरी काय? (भंडारा)

नाग आणि पिवळी नदी शहराचं सांडपाणी घेऊन कन्हानला मिळतात, कन्हान वैनगंगेला, आणि पुढे गोसेखुर्द धरण. प्रकल्पाचं काम एवढंच, की जिवाणूंचं जेवण नदीत न होता टाकीत व्हावं.

आधी जाळी येते. चिंध्या, प्लास्टिक आणि आपल्याकडच्या खर्ऱ्याच्या पन्न्या तिथे अडकतात. मग वाळू खाली बसते. त्यापुढे हवेची टाकी. तळातून यंत्रानं हवा सोडतात, जिवाणू वाढतात, घाण खातात आणि नंतर गाळ होऊन बसतात. त्यातला थोडा गाळ विरजणासारखा परत टाकीत घालतात. नदीला ज्या कामाला कित्येक दिवस लागले असते, ते इथे काही तासांत उरकतं. शेवटी क्लोरीन. नीट चालणाऱ्या प्रकल्पातून निघताना ती २००-२५० ची भूक १० पर्यंत उतरते. नागपूरच्या भांडेवाडी प्रकल्पाचं असं पाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं, तेवढं धरणाचं पाणी वाचतं.

पण जो नाला प्रकल्पाला जोडलेलाच नाही, त्याचं पाणी कोण साफ करणार? आणि वीज गेली, हवा बंद पडली, की काही तासांतच जिवाणू गुदमरायला लागतात. प्रकल्प कितीचा बांधला, हे फलकावर असतं. तो खरंच चालतो का, हे कळायला मी आधी वीजबिल मागतो.

प्रश्न : प्रक्रिया केलेलं पाणी वाडीतल्या भाजीला चालेल का? (मौदा)

कपाशी-तुरीला चालेल. पालक, सांबार (कोथिंबीर), मुळा यांना नको. जंतांची अंडी क्लोरीनलाही दाद देत नाहीत, आणि सांबार आपण कच्चाच खातो.

प्रश्न : आमची नगरपंचायत छोटी, वस्ती २५ हजार. एवढा खर्च झेपणार नाही. (गडचिरोली जिल्हा)

माणशी १३५ लिटर पाणी धरलं आणि त्यातलं ८० टक्के सांडपाणी, तर दिवसाला २७ लाख लिटर होतात. जागा असेल तर नागपूरच्या नीरी संस्थेची फायटोरिड पद्धत बघा. खडीच्या वाफ्यांत कर्दळ, पाणकणीस लावायचं आणि त्यांच्या मुळांतून पाणी पाझरू द्यायचं. हवेच्या यंत्राची गरज नाही. वाफे चोंदू नयेत म्हणून आधी गाळ बसवणारी टाकी मात्र हवी, आणि झाडं वेळेवर छाटायला माणूस हवा.

त्याहीआधी एक चौकशी करा. संडासाच्या टाक्या उपसणारा टँकर रात्री कुठे रिकामा होतो? टाकीतला मैला नाल्याच्या पाण्यापेक्षा कितीतरी घट्ट असतो. असे टँकर नाल्यात रिकामे होत राहिले, तर वाफ्यांनी केलेलं बरंचसं काम वाया.