वाचकांचे प्रश्न : तलावावर एक दिवस

प्रश्न : आम्ही नागपूरला राहतो. नौकाविहारासाठी रामटेकजवळच्या खिंडसीला अनेकदा जाऊन आलो. आता भंडारा-गोंदियाकडच्या एखाद्या निवांत तलावावर मुलांसह दिवस घालवावा, पोहावे, गळ टाकून मासे धरावेत आणि काठावरच रोडगे (गोवऱ्यांच्या अंगारावर भाजलेले कणकेचे गोळे) करावेत, असा बेत आहे. कधी जावे आणि परवानगी कोणाची लागते?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : परवानगीपासून सुरुवात करू, कारण सहसा ती कोणी विचारतच नाही. या भागातील बहुतेक जुने तलाव माजी मालगुजारी, म्हणजेच मामा तलाव आहेत. १९५१ मध्ये मालगुजारी, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांची पद्धत, संपली आणि हे तलाव सरकारकडे आले. आज लहान तलावांचा कारभार जिल्हा परिषद पाहते, तर मोठ्यांचा पाटबंधारे विभाग. पण कागदोपत्री मालक कोणीही असला, तरी पाण्याची वाट धानाचे शेतकरी पाहत असतात आणि मासेमारीचा ठेका बहुधा ढिवर बांधवांच्या मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. रोहू, कतला, मृगळ या माशांची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, संस्थेने पैसे मोजून सोडलेली असतात, त्यामुळे आपला विरंगुळा त्यांच्या दृष्टीने सरळ चोरी ठरतो. गावात पोहोचल्यावर संस्थेच्या माणसाला आधी विचारावे. त्याहून बरे म्हणजे सकाळी डोंगा काठाला लागताच मासे विकत घ्यावेत. गळाला दिवसभरात लागतील त्याहून ते नक्कीच अधिक असतील.

धानाची कापणी आटोपली की नोव्हेंबरअखेरपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा काळ उत्तम. तेव्हा चक्रवाक आणि मध्य आशियातून हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब हे पक्षी पाण्यावर उतरलेले असतात. सांडव्यावरून पाणी पडत असताना तलाव सर्वांत देखणा दिसतो, हे खरे. परंतु शेवाळलेल्या दगडांवर मुलांना नेण्याची ती वेळ नव्हे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असतो, तेव्हा तर विचारही करू नये.

पोहण्याबाबत माझे मत स्पष्ट आहे : मुलांना पाण्यात उतरवू नका, आणि स्वतःही उतरू नका. या तलावांत वर्षानुवर्षे गाळ साचला आहे. पाणी ओसरल्यावर काठाचा गाळ वरून वाळतो, त्याला भेगा पडतात आणि तो जमिनीसारखा टणक दिसतो. पाय ठेवला की पपडी फुटून माणूस गुडघ्यापर्यंत आत जातो. पुढे पाणवनस्पतींचे जाळे पायात अडकते, आणि कालव्यात पाणी सोडण्याच्या दाराजवळ दार उघडे असल्यास पाण्याची ओढ वरून कळतही नाही. पट्टीचा पोहणाराही येथे फसतो. नावेत बसायचे असेल तर जीवरक्षक जॅकेट घालूनच बसावे.

रोडग्यांचा बेत मात्र अवश्य करा. वांग्याची भाजी आणि तूप सोबत असले, की दुसरे काही लागत नाही. गोवऱ्यांचा अंगार तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, नको, आणि कापणीनंतर शेताशेतांत रचलेल्या तणसाच्या (धानाच्या पेंढ्याच्या) ढिगांजवळ तर मुळीच नको. निघताना राख पाणी ओतून पूर्ण विझवावी. प्लास्टिकच्या ताटल्यांऐवजी पळसाच्या पत्रावळी न्याव्यात. तलाव वनक्षेत्रात असेल तर चूल पेटवू नये. कोलू पाटील कोहळी यांनी बांधल्याचे परंपरेने सांगितले जाते तो नवेगावबांधचा तलाव निवडलात, तर आसपासच्या जंगलाचा नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात २०१३ पासून समावेश आहे हे लक्षात घेऊन प्रवेशाचे नियम आणि वेळा वन विभागाकडून आधी समजून घ्याव्यात.

प्रश्न : गोंदिया जिल्ह्यात सारस दिसतात असे ऐकले. छायाचित्रासाठी किती जवळ जावे?
— एक वाचक, अमरावती

उत्तर : महाराष्ट्रात सारस प्रामुख्याने गोंदिया जिल्ह्यातच उरले आहेत, तेही फार थोडे, त्यामुळे अंतर मीटरमध्ये ठरवण्यापेक्षा पक्ष्याकडे पाहून ठरवावे. चरणाऱ्या जोडीने चोच वर करून मान ताठ केली, की आपण नको तितके जवळ आलो आहोत असे समजून मागे फिरावे. बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, उतरायचे असेल, तर आधी शेतकऱ्याला विचारावे. पावसाळ्यात सारस धानाच्या बांध्यांत घरटे करतात. त्या दिवसांत ड्रोन उडवू नये आणि घरट्याचा ठावठिकाणा समाजमाध्यमांवर टाकू नये.