नायक अतिमानव झाला म्हणून मालिका सोडावी का?

आवडता निरीक्षक तिसऱ्या पर्वात एकट्याने दहाजणांना लोळवू लागला, म्हणून मालिका पाहणे सोडावे का, असे तुम्ही विचारलेत. घाई करू नका. आधी नेमके कुठे बिनसले ते पाहा. मारामारी थोडी वाढली तर मी चालवून घेतो, पण तपासाचे कामच नाहीसे झाले की फार वाईट वाटते.

पहिल्या पर्वात हाच माणूस पंचनामा पूर्ण होईपर्यंत दारात उभा राहायचा, पंचांच्या सह्या झाल्यावर पाकिटाला लाखेचे सील लावायचा आणि चपलेच्या तळाला चिकटलेल्या ओल्या मातीवरून पुढचा धागा पकडायचा. आता तो रक्ताचा डाग कोणाचा, हे नुसत्या नजरेने सांगतो. प्रत्यक्षात पुण्यातील असा नमुना गणेशखिंडीतल्या प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे जातो आणि अहवालाची वाट पाहावी लागते, तर इकडे अटक केलेल्याला २४ तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करायचे असते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार झडतीचे दृक्‌श्राव्य चित्रणही करावे लागते. खरे नाट्य या अडचणींतच आहे, आणि लेखकांनी तेच टाकून द्यावे याचा मला मनापासून राग येतो.

वाहिनीला जरूर लिहा, मात्र ‘मालिका बिघडली’ एवढेच न लिहिता भाग, प्रसंग आणि तिथे गाळलेली तपासाची पायरी स्पष्ट नोंदवा. नटाला दोष देऊ नका. संवाद आणि प्रसंग त्याने लिहिलेले नसतात.