होम ऑफिसने ‘फ्रेश क्लेम’ धरलाच नाही, आता काय?

प्रश्न: आम्ही लंडनला असतो. शेजारी पाकिस्तानातून आलेलं अहमदी (स्वतःला मुस्लिम मानणारा, पण तिथल्या कायद्याने गैर-मुस्लिम ठरवलेला पंथ) कुटुंब आहे, नवरा-बायको आणि दोन मुलं. त्यांचा असायलम (आश्रयाचा अर्ज) २०११ ला नाकारला, अपीलही हरले. आता नवे कागद दिले, त्यात अहमदी जमातीचं, म्हणजे त्यांच्या धार्मिक संघटनेचं पत्रही जोडलं, तर होम ऑफिसचं (इथल्या गृहखात्याचं) पत्र आलं की हा फ्रेश क्लेम (नव्या पुराव्यावरचा नवा दावा) होतच नाही, अपील पण नाही. खरंच संपलं का सगळं?

उत्तर: नाही ताई, संपलेलं नाही, पण आधी त्या पत्रावरची तारीख बघायला सांगा. अपील नसलं तरी अप्पर ट्रिब्युनलमध्ये (वरच्या न्यायाधिकरणात) ज्युडिशियल रिव्ह्यू, म्हणजे निर्णय कायद्याला धरून घेतला का याची तपासणी, मागता येतो, तो लवकरात लवकर आणि फार तर ३ महिन्यांच्या आत, आणि त्याआधी वकिलाकडून होम ऑफिसला नोटीसचं पत्र जातं, उत्तराला साधारण १४ दिवस, म्हणजे हातात वाटतो तेवढा वेळ नसतो.

आता कोर्ट काय बघतं ते नीट समजून घ्या, कारण इथेच लोक फसतात. शेजारी खरं बोलतायत का हे रिव्ह्यू करणारा जज ठरवत नाही. इमिग्रेशनचा नियम ३५३ सांगतो की नवी माहिती आधी तपासलेली नसावी आणि जुन्या पुराव्यासोबत धरली तर जिंकायची वास्तव शक्यता हवी. २००६ ला कोर्ट ऑफ अपीलने स्पष्ट केलं की प्रश्न अधिकाऱ्याला पटलं का हा नाहीच, अपिलात बारकाईने बघणाऱ्या एखाद्या जजला पटू शकेल का हा आहे, आणि ही पायरी बरीच खालची आहे. अधिकाऱ्याने स्वतःचंच मत लिहून फाइल बंद केली असेल तर तिथेच धरायचं.

अहमदींसाठी अजून एक मोठी गोष्ट आहे. पाकिस्तानात १९८४ पासून अहमदी माणसाने स्वतःला मुस्लिम म्हणवलं किंवा धर्माचा प्रचार केला तर ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. २०१२ ला इथल्या ट्रिब्युनलने मार्गदर्शक निकाल दिला की ज्याला उघडपणे धर्म पाळणं मनापासून महत्त्वाचं आहे त्याला ‘लपून राहा’ म्हणून परत पाठवता येत नाही. तुमच्या शेजाऱ्यांचा नकार त्याच्या आधीचा! जुन्या निकालात ‘गप्प राहिले तर धोका नाही’ असं काही असेल तर वकिलाला तेच पान आधी दाखवा.

जमातीचं पत्र जोडलंय म्हणता, पण नुसतं ‘हे आमचे सदस्य आहेत’ एवढ्याने फार वजन पडत नाही, कुठल्या मशिदीत काय काम करतात, कधीपासून, ते लिहिणाऱ्याला कसं माहीत हे सगळं हवं, बायकोचंही वेगळं, कारण तिची श्रद्धा म्हणजे नवऱ्याच्या फाइलचं शेपूट नव्हे.

रिव्ह्यूची केस जिंकली म्हणजे लगेच असायलम मिळाला असं मात्र समजू नका, होम ऑफिसला परत निर्णय घ्यावा लागतो, पण तेव्हा फ्रेश क्लेम मानून नाकारलं तर अपीलचा हक्क मिळतो, आणि माझ्या मते एवढ्या वर्षांनी त्यांचं म्हणणं एखाद्या जजने समोर बसवून ऐकणं हीच खरी मिळकत आहे. फीची काळजी असेल तर लीगल एड (सरकारी खर्चाने कायद्याची मदत) घेणारा सॉलिसिटर शोधा, याच आठवड्यात.