दक्षिण इटली: रेल्वे कुठपर्यंत आणि मोटार कुठून

आपण लिहिले आहे की ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात आपण दोघे, दहा वर्षांची मुलगी आणि सत्तरीला टेकलेले आई-वडील असे पाच जण बारा रात्रींसाठी दक्षिण इटलीला निघाला आहात. रोमला उतरून नेपल्समध्ये मोटार भाड्याने घ्यायची, तिनेच पोम्पेई, अमाल्फीचा किनारा, मातेरा, अल्बेरोबेल्लो आणि लेच्चे पाहून ती रोमला परत करायची आणि जमल्यास सिसिलीही उरकायची, असा आपला बेत आहे. या भागात मी तीनदा गेलो आहे आणि त्यांतील एकदा अशाच वयाच्या आई-वडिलांना बरोबर घेऊन गेलो आहे. त्या आधारावर सांगतो की आपण निवडलेली ठिकाणे उत्तम आहेत, परंतु मोटार घेण्याची जागा बदलावी. पूर्व किनाऱ्यावरच्या बारी शहरापर्यंत रेल्वेनेच जावे, तिथे मोटार घेऊन ती पाच-सहा दिवसच ठेवावी आणि रोमला पुन्हा रेल्वेने परतावे.

यामागचे कारण तिथल्या भूगोलात आहे. दक्षिणेतील मुख्य लोहमार्ग दोन्ही समुद्रांच्या कडेने जातात आणि एक मार्ग आपेनाइन डोंगर ओलांडून त्यांना जोडतो. या मार्गांवर रेल्वे वेगवान आणि आरामशीर आहे, आणि नेमक्या तिथल्याच शहरांत मोटार डोईजड होते. याउलट मातेरा आणि अल्बेरोबेल्लोच्या आसपासच्या इत्रिया खोऱ्यातली गावे आतल्या पठारावर वसली आहेत. तिथे रेल्वे आहे, पण ती संथ आणि तुरळक आहे.

सिसिलीचा विचार या खेपेला सोडून द्यावा, हे आधी सांगतो. रोमहून सिसिलीला जाणारी रेल्वे व्हिल्ला सान जोव्हान्नी येथे डब्यांसकट जहाजात चढवली जाते आणि मेसिनाची सामुद्रधुनी ओलांडून पलीकडे पुन्हा रुळांवर येते, हा अनुभव खरोखर घेण्याजोगा आहे. मात्र त्या बेटाला स्वतंत्र दहा दिवस द्यावे लागतात. बारा रात्रींत ते कोंबले तर आई-वडिलांचा निम्मा प्रवास सामान बांधण्यात आणि सोडण्यात जाईल.

रोम ते नेपल्स हे अंतर वेगवान रेल्वे सव्वा तासाच्या आत कापते. या गाड्यांचे दर विमानासारखे मागणीनुसार चढतात, म्हणून तारखा ठरताच तिकिटे काढावीत. प्रादेशिक गाड्यांचे दर मात्र ठरलेले असतात, त्यांची तिकिटे आधी काढून काही वाचत नाही. प्रादेशिक गाडीचे कागदी तिकीट चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात घालून त्यावर वेळेचा शिक्का उमटवावा लागतो आणि मोबाइलवर काढलेल्या तिकिटाचे चेक-इन करावे लागते. हे राहून गेल्यास खिशात तिकीट असूनही दंड होतो, आणि परदेशी प्रवाशांच्या हातून हीच चूक सर्वाधिक होते. स्थानकावर छापील वेळापत्रक लावलेले असेल तर सुटणाऱ्या गाड्यांचे पिवळ्या कागदावर आणि येणाऱ्या गाड्यांचे पांढऱ्या कागदावर असते. फलकावर ‘रितार्दो’ म्हणजे उशीर आणि ‘सोप्रेस्सो’ म्हणजे रद्द, एवढे दोन शब्द आईंनाही शिकवून ठेवावेत.

रोमहून नेपल्सला संथ जुन्या मार्गानेही जाता येते आणि त्या वाटेवर कास्सिनो लागते. दुसऱ्या महायुद्धातील राष्ट्रकुल सैनिकांची मोठी दफनभूमी तिथे आहे आणि ज्यांचे पार्थिव सापडले नाही अशांची नावे तेथील स्मारकावर कोरलेली आहेत. मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे, ज्यांना १० जुलै १९४४ रोजी इटलीतच तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात लढताना वीरमरण आले आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, त्यांचे नाव त्या स्मारकावर आहे. माणगावचा त्यांचा पुतळा आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेला असतो. त्यांचे नाव इतक्या दूर दगडावर वाचताना माझे वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. आपल्या वडिलांना या विषयाची ओढ असेल तर सकाळी निघून मध्ये उतरावे आणि संध्याकाळपर्यंत नेपल्स गाठावे.

नेपल्समध्ये तीन रात्री पुरेशा आहेत. तिथे मोटार चालवण्याचा विचारही करू नये: रस्ते अरुंद, दुचाक्या चहूबाजूंनी येणाऱ्या, आणि गाडी उभी करण्याचे भाडे जेवणाच्या बिलाएवढे. त्यानंतर बहुतेक जण सोरेंतोला जातात, पण आपल्या कुटुंबासाठी मी सालेर्नो सुचवीन. सोरेंतोची उपनगरी रेल्वे नेपल्सच्या मुख्य स्थानकाखालून सुटते, तिला तासाहून अधिक वेळ लागतो, ती खच्चून भरलेली असते आणि तिच्यात खिशावर सतत हात ठेवावा लागतो. सालेर्नोला मात्र वेगवान रेल्वे थेट जाते, समुद्राकाठचा रस्ता सपाट आणि सावलीचा आहे आणि साधारण एप्रिल ते ऑक्टोबर या काळात स्थानकाजवळच्या धक्क्यावरून अमाल्फीची बोट मिळते. ही बोट सुमारे पस्तीस-चाळीस मिनिटांत पोहोचवते, आणि तो उभ्या कड्यांचा किनारा खऱ्या अर्थाने समुद्रावरूनच दिसतो. वरच्या रस्त्यावरून मोटार हाकणाऱ्याची नजर तर वळणावरून हलत नाही. त्या रस्त्यावर गर्दीच्या दिवसांत सम-विषम क्रमांकांचे निर्बंधही असतात. वारा असेल तर बोटी रद्द होतात, म्हणून अमाल्फीसाठी दोन दिवसांची मोकळीक ठेवावी.

पोम्पेईविषयी एक खुलासा करतो. ‘पोम्पेई’ नावाचे राष्ट्रीय रेल्वेचे स्थानक आजच्या गावात आहे आणि तिथून उत्खननाच्या रंगमंडलाकडील (अँफिथिएटरजवळच्या) प्रवेशद्वारापर्यंत पंधरा-वीस मिनिटे चालावे लागते. ‘पोम्पेई स्कावी’ हे उपनगरी मार्गावरचे वेगळे स्थानक आहे आणि ते उत्खननाच्या दारातच आहे. त्यामुळे पोम्पेई सालेर्नोहून न करता नेपल्सच्या मुक्कामातच उपनगरी रेल्वेने करावे. तेवढा अर्धा तास ती गर्दी सोसता येते. इसवी सन ७९ मधील उद्रेकात गाडले गेलेले हे शहर फार विस्तीर्ण आहे आणि रस्ते मोठ्या ओबडधोबड दगडांचे आहेत. आई-वडिलांना चालणे जड जाणार असेल तर त्याच उद्रेकात गाडले गेलेले, त्याच मार्गावरचे एर्कोलानो पाहावे. ते लहान आहे, तिथल्या इमारतींचे वरचे मजले आणि जळके लाकूडही टिकले आहे, आणि दोन-अडीच तासांत ते मनासारखे पाहून होते. सालेर्नोहून प्रादेशिक गाडीने अर्ध्या-पाऊण तासात पेस्तुम येते. तिथली अडीच हजार वर्षांपूर्वीची तीन ग्रीक मंदिरे स्थानकापासून सपाट रस्त्याने चालण्याच्या अंतरावर आहेत, तरीही गर्दी तुलनेने कमी असते. आमच्या त्या प्रवासातली माझ्या आईची सर्वांत आवडती जागा तीच ठरली.

कॅम्पानियाहून, म्हणजे नेपल्स-सालेर्नोच्या प्रांतातून, बारीकडे जाताना बहुधा कासेर्ता येथे गाडी बदलावी लागते, आणि जोडगाडीच्या वेळेनुसार एकूण चार-पाच तास धरावेत. पाच जणांचे सामान घेऊन फलाट बदलायचे असतात, म्हणून दोन गाड्यांमध्ये किमान अर्धा तास ठेवावा. बारीत एक रात्र थांबून दुसऱ्या सकाळी मोटार घ्यावी आणि ती शहरातून न घेता विमानतळावरून घ्यावी. विमानतळाला शहरातून रेल्वे आहे, शहरातल्या कार्यालयांपेक्षा तिथली खिडकी दुपारी किंवा रविवारी बंद असण्याची भीती कमी असते, आणि बाहेर पडताच आपण मोकळ्या रस्त्याला लागतो. उजव्या बाजूने गाडी चालवण्याची पहिलीच वेळ असेल तर ही गोष्ट फार महत्त्वाची आहे.

मोटार निवडताना माणसांबरोबर सामानही मोजावे. पाच जणांची म्हणून जी गाडी दाखवतात तिच्यात पाच मोठ्या बॅगा मावत नाहीत. लांब डिकीची स्टेशन वॅगन घ्यावी आणि माणशी एक मध्यम बॅग हा नियम घरातूनच पाळावा. ऑटोमॅटिक गाड्या कमी असतात, त्या आधीच राखून ठेवाव्यात. आपल्या आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढावा आणि त्यासोबत मूळ परवानाही न्यावा. अनामत रक्कम अडवून ठेवण्यासाठी चालकाच्याच नावाचे क्रेडिट कार्ड लागते, डेबिट कार्ड बरेचदा नाकारले जाते. मुलीची उंची १५० सेंटिमीटरहून कमी असेल तर तिच्यासाठी उंच बैठक कायद्याने आवश्यक आहे, तिची मागणी आरक्षणातच नोंदवावी. ताबा घेताना गाडीचे चारही बाजूंनी, चाकांसह, चलचित्र काढून ठेवावे. विम्यात काच आणि टायर बरेचदा वगळलेले असतात. पठारावरच्या अरुंद रस्त्यांना दोन्ही बाजूंनी दगडी गडगे आहेत, त्यामुळे पूर्ण संरक्षणाचे पैसे मी न कुरकुरता भरतो.

आता सर्वांत जास्त काळजी घ्यावी अशा बाबीकडे येतो. इटलीतील बहुतेक जुन्या गावांचा गाभा हा मर्यादित वाहतुकीचा भाग, म्हणजे झेडटीएल असतो. तिथे रहिवाशांखेरीज इतरांना ठरावीक वेळी गाडी नेता येत नाही आणि कोणी अडवतही नाही, केवळ कॅमेरा क्रमांक टिपतो. प्रवेशावर ‘वार्को आत्तीव्हो’ अशी पाटी उजळली असेल तर तिचा अर्थ रस्ता चालू आहे असा नसून कॅमेरा चालू आहे, म्हणजे आत जाऊ नये, असा आहे. मोबाइलवरील नकाशा दाखवील तसे वळत गेल्याने मी एका गावात वीस मिनिटांत दोनदा ती सीमा ओलांडली. आधी मोटार देणाऱ्या कंपनीने पोलिसांना माझी माहिती कळवल्याचे शुल्क कार्डावरून वळते केले आणि कित्येक महिन्यांनी दोन स्वतंत्र दंड ठाण्याच्या घरी पोहोचले. मुक्काम अशा भागात असेल तर हॉटेलला गाडीचा क्रमांक आधी कळवून परवानगीची नोंद करून घ्यावी, नाहीतर गाडी बाहेर ठेवून आत चालत जावे. गाडी उभी करण्याच्या जागेच्या पांढऱ्या रेषा म्हणजे मोफत, निळ्या म्हणजे सशुल्क आणि पिवळ्या म्हणजे राखीव, हे पक्के लक्षात ठेवावे.

बारी ते मातेरा हा रस्ता सुमारे एका तासाचा आहे. अरुंद रुळांवरची छोटी रेल्वेही तिथे जाते, परंतु तिला दीड तासाहून अधिक लागतो आणि रविवारी तिच्याऐवजी बस धावते. खडकात कोरलेल्या घरांच्या ज्या वस्तीला ‘सास्सी’ म्हणतात, तिथून १९५२ च्या कायद्यानंतर हजारो कुटुंबांना बाहेर नवीन वस्त्यांत हलवण्यात आले, आणि १९९३ मध्ये त्याच वस्तीला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. आज त्या गुहांत सुंदर खोल्या आहेत, पण खोली घेण्यापूर्वी हॉटेलला एकच प्रश्न विचारावा: रस्त्यापासून खोलीपर्यंत पायऱ्या किती? आम्हाला छायाचित्रात आवडलेली खोली चौऱ्याऐंशी पायऱ्यांखाली निघाली, म्हणून ती सोडून वरच्या सपाट भागात राहिलो आणि सकाळ-संध्याकाळ थोडेथोडे खाली उतरत गेलो. इथे दोन रात्री हव्यातच, कारण दिवे लागल्यावरचे मातेरा वेगळेच असते आणि ते थकलेल्या पायांनी पाहू नये.

तिथून इत्रिया खोरे सव्वा तासावर आहे. अल्बेरोबेल्लोची शंकूच्या छपरांची चुना न वापरता रचलेली घरे पाहावीत, मात्र मुक्काम लोकोरोतोंदो किंवा चिस्तेर्निनो येथे करावा, जिथे संध्याकाळी पर्यटकांच्या बसगाड्या नसतात. पुढे लेच्चेच्या दिशेने जाताना, विशेषतः ब्रिंदिसीच्या दक्षिणेस, रस्त्याच्या कडेला वाळून राखाडी पडलेली ऑलिव्हची झाडे दिसतील. २०१३ मध्ये गाल्लीपोलीच्या परिसरात आढळलेल्या एका जिवाणूने शेकडो वर्षांची झाडे अशी उभ्या उभ्या सुकवली आहेत. मुलगी विचारील, तेव्हा तिला हे सांगावे. लेच्चेहून एक दिवस ओत्रांतोला जाऊन बाराव्या शतकातील मोझेकची अखंड फरशी असलेले तिथले कॅथेड्रल पाहावे आणि समुद्राच्या कडेने लेउकापर्यंत गाडी न्यावी. अमाल्फीच्या रस्त्यावरून जे सुख मिळेल असे वाटते, ते या रस्त्यावर मिळते.

खाण्याची चिंता या भागात कमी आहे. वाळवलेल्या बाकल्याच्या दाण्यांचे घट्ट पिठले आणि वर कडवट पालेभाजी, असा ‘फावे ए चिकोरिया’ हा पदार्थ आमच्या आई-वडिलांनी आनंदाने खाल्ला. ‘चिमे दी रापा’ ही कडवट पालेभाजी घातलेल्या ओरेक्येत्ते पास्त्यात बहुधा मासळी असते, म्हणून ‘सेन्झा अच्चूगे’, म्हणजे अँचोव्ही मासळीशिवाय, असे सांगावे. आणि पार्मेझान चीज वासराच्या जठरातील द्रव्याने विरजले जाते, हे कडक शाकाहारी असणाऱ्यांना आधी सांगून ठेवावे. दुपारी अडीचच्या सुमारास स्वयंपाकघरे बंद होतात ती साडेसातपर्यंत उघडत नाहीत. वडिलांच्या गोळ्यांची वेळ जेवणाशी बांधलेली असेल तर गाडीत फोकाच्चा (तिथला चपटा पाव), फळे आणि घरचे काही असू द्यावे.

मोटार बारीला परत आणण्याऐवजी ब्रिंदिसीच्या विमानतळावर सोडावी. दुसरीकडे सोडण्याचे वेगळे शुल्क पडू शकते, पण लेच्चेहून ते केवळ चाळीस किलोमीटर आहे आणि विमानतळावरून स्थानकाला बस मिळते. ब्रिंदिसी ते रोम थेट रेल्वे सुमारे पाच तास घेते. परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशीच रोमला पोहोचावे, त्याच दिवशी नव्हे. रेल्वेचे संप इटलीत वरचेवर होतात, ते आधी जाहीर होतात आणि कामाच्या दिवशी सकाळी सहा ते नऊ व संध्याकाळी सहा ते नऊ या वेळांत प्रादेशिक गाड्या चालवण्याचे बंधन असते. लांबच्या गाड्यांपैकी मात्र ठरावीक गाड्याच धावतात. निघण्यापूर्वी आठवडाभर ‘शोपेरो’ (संप) हा शब्द बातम्यांत शोधत राहावे. आई-वडिलांना रोज किती चालवते आणि किती पायऱ्या सोसतात हे कळवलेत, तर मुक्कामांचा क्रम त्यानुसार बसवून देईन.