२४ हजारांचा प्रोजेक्टर आणि १४ रिळं

प्रश्न: मी सोलापूरची निवृत्त शिक्षिका. वडिलांनी सत्तरच्या दशकात काढलेली ८ मिलिमीटर फिल्मची ५० फुटी १४ रिळं माळ्यावर पत्र्याच्या पेटीत सापडली. गड्ड्याची यात्रा, नंदीध्वजांची मिरवणूक, आम्हा तिघा भावंडांचं बालपण, सगळं त्यात आहे. एक जुना प्रोजेक्टर २४ हजारांना मिळतोय. भिंतीवर फिल्म लावून भाचा मोबाईलवर चित्रण करील, नंतर प्रोजेक्टर विकून टाकू. पुण्यातला एक स्टुडिओ फिल्म स्कॅन करून द्यायचे रिळामागे १,१०० रुपये मागतो. एफडी मोडून प्रोजेक्टर घेऊ का?

उत्तर: ताई, एफडी मोडू नका आणि या कामासाठी प्रोजेक्टरही घेऊ नका.

आधी साधा हिशेब. १४ रिळांचे स्टुडिओत १५,४०० रुपये होतात. प्रोजेक्टरचे २४ हजार वसूल व्हायला किमान २२ रिळं हवीत, तीही यंत्र पहिल्या दिवसापासून विनातक्रार चाललं तर. जुन्या यंत्रातला रबरी पट्टा चिकट होऊन तुटतो, दिवा जातो, आणि नेमका तोच दिवा मिळेल याची खात्री नसते. परदेशातून आलेलं यंत्र ११० व्होल्टचं निघालं तर आणखी भानगड. विकून पैसे परत येतील, हे तर हिशेबात धरूच नका. अशा वस्तूला गिऱ्हाईक मिळेपर्यंत वर्ष जातं. आणि हे सगळं किती फिल्मसाठी? ५० फुटांचं सुपर ८ (८ मिलिमीटर फिल्मचा एक प्रकार) रीळ सेकंदाला १८ चौकटींच्या (फ्रेमच्या) वेगाने ३ मिनिटं २० सेकंद चालतं. म्हणजे तुमचा सगळा खजिना जेमतेम पाऊण तासाचा.

पण पैशांपेक्षा मला काळजी रिळांची आहे. या फिल्मची दुसरी प्रत जगात कुठेही नाही. प्रोजेक्टरमधला लोखंडी आकडा फिल्मच्या भोकात अडकून तिला एकेक चौकट खाली ओढतो. पन्नास वर्षांत फिल्म आकसलेली असेल तर भोकं फाटतात, आणि फिल्म मध्येच अडकली तर दिव्याच्या उष्णतेने ती चौकट जळते. एवढं करून भिंतीवरच्या चित्राचं मोबाईलवर चित्रण करताना प्रोजेक्टरची झडप (शटर) आणि मोबाईलचा वेग जुळत नाही, त्यामुळे चित्र सतत लुकलुकतं. प्रोजेक्टर हे बघण्याचं यंत्र आहे, प्रत काढण्याचं नव्हे. स्टुडिओतला स्कॅनर मात्र थंड एलईडी उजेडात प्रत्येक चौकटीचा वेगळा फोटो घेतो.

म्हणून आज एवढं करा. पेटी माळ्यावरून खाली आणा. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो आणि उष्णतेने फिल्म लवकर कुजते. एकेक डबी उघडून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ते रीळ बाकीच्यांपासून वेगळं ठेवा आणि स्कॅनिंगला सर्वांत आधी द्या. मग फिल्मची कड बघा. भोक लहान आणि चौकटीच्या मध्यावर असेल तर सुपर ८, मोठं आणि दोन चौकटींच्या सीमेवर असेल तर जुनी रेग्युलर ८. कडेला तपकिरी पट्टी दिसली तर तिच्यावर आवाज असू शकतो. मग वडिलांचा आवाज हाती लागेल! हे स्टुडिओला आधी सांगा, कारण स्वस्तातले बरेच स्कॅनर आवाज घेत नाहीत.

सगळी १४ रिळं एकदम देऊ नका, कुरिअरने तर नकोच. हुतात्मा एक्स्प्रेसने दोन रिळं स्वतः घेऊन जा. काम चौकट-चौकट स्कॅन करून होतं का, जीएसटी धरून किती, मूळ रिळं परत कधी, हे कागदावर लिहून घ्या. या दोन रिळांचे २,२०० रुपये. काम मनासारखं वाटलं तरच उरलेली बारा द्या.

पैशांचं म्हणाल तर रिळं तिघांच्या वडिलांची आहेत. तिघांनी वाटून घेतलं तर प्रत्येकी पाच हजारांच्या आसपास येतात, त्यासाठी एफडीला हात लावायची गरज नाही. मुदतीआधी मोडली तर व्याजदरातून साधारण अर्धा ते एक टक्का कापला जातो, आणि निवृत्तीनंतर हाच पैसा दवाखान्याच्या वेळी उपयोगी पडतो. वाचलेल्या पैशांतून दोन हार्ड डिस्क घ्या, एक तुमच्याकडे, दुसरी दुसऱ्या गावच्या भावंडाकडे. प्रती हातात आल्या तरी मूळ रिळं टाकू नका.

भिंतीवर फिल्म बघायची हौस असेल तर तीही रास्तच आहे. फक्त तो खर्च हौसेच्या खात्यातून करा, प्रती निघाल्यानंतर, आणि विकणाऱ्याने तुमच्यासमोर एखादी टाकाऊ फिल्म चालवून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका.