इंग्रजी कविता: आधी कानाला, मग वहीला

प्रश्न (शिक्षिका, देवगड तालुका): आठवीला इंग्रजी शिकवते. कविता वाचायची, मराठीत अर्थ सांगायचा, शब्दार्थ फळ्यावर लिहायचे, एवढ्यातच तास संपतो. मुलं कविता पाठ म्हणतात, पण एकाच सुरात. काय बदलावं?

उत्तर: तासाचा क्रम उलटा करा. पहिली 10 मिनिटं पुस्तकं मिटलेलीच राहू द्या. कविता दोनदा वाचा, फार सावकाश नको. मुलांच्या कानाला लागलेले शब्द फळ्यावर लिहा, चुकीचे ऐकलेलेसुद्धा. मग पुस्तकं उघडून तिसरं वाचन. अर्थ त्यानंतर, आणि तोही ज्यांच्यावाचून कविता अडते अशा चार-पाच शब्दांचाच. ओळीओळीचं भाषांतर करून दिलं की मुलं मूळ ओळीकडे पुन्हा वळत नाहीत.

एकसुरीपणाचं कारण वेगळं आहे. आपल्या पद्याची चाल लघु-गुरू आणि मात्रांवर बसते, इंग्रजीची आघातावर. त्यामुळे मुलं ‘द’लाही ‘बोट’इतकंच वजन देतात. त्यावर टाळ्यांचा सराव घ्या. ‘बोट्स ब्रिंग फिश’ म्हणताना तीन टाळ्या. मग ‘द बोट्स ब्रिंग द फिश’, मग ‘द बोट्स विल ब्रिंग द फिश’. शब्द वाढले तरी टाळ्या तीनच, आणि त्यांच्यामधलं अंतरही तेवढंच. ‘द’ आणि ‘विल’ मधल्या फटीत पटकन उरकायचे. सुरुवातीला मुलं त्यांच्यावरही टाळी देतात. तेव्हा वर्गाचे दोन भाग करा: अर्ध्यांनी नुसती टाळी धरायची, अर्ध्यांनी ओळ म्हणायची. हे जमलं की ‘द टाइड कम्स इन, द बोट्स कम होम’ घ्या. टाळ्या चार: टाइड, इन, बोट्स, होम.

कवितेला मराठी चाल लावण्याचा मोह मात्र टाळा. पाठांतर लवकर होतं खरं, पण ‘अवे’, ‘बिगिन’ अशा शब्दांतला दुसऱ्या भागावरचा (‘वे’, ‘गिन’) जोर पहिल्यावर सरकतो आणि तो उच्चार तोंडात बसून जातो.

प्रश्न (शिक्षक, गुहागर): कविता लिहायला सांगितली की ‘सन, फन, रन’ सुरू होतं, अर्थाचा पत्ता नसतो. काही जण मोबाईलवरून उतरवून आणतात.

उत्तर: पहिल्या तीन-चार कवितांना यमक नकोच. शब्दसाठा तोकडा असला की यमक अर्थाला ओढत नेतं. शिवाय मुलं यमक डोळ्यांनी जुळवतात: स्पेलिंगचा शेवट सारखा म्हणून ‘कम’ला ‘होम’, ‘लव्ह’ला ‘मूव्ह’. उलट ‘टाइड’ आणि ‘क्राइड’ कानाला जुळतात, पण स्पेलिंग वेगळं म्हणून सुचत नाहीत.

विषय ‘नेचर’ देऊ नका. तोच मोबाईलवर तयार मिळतो. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, तेव्हा किनाऱ्यावर शाकारून ठेवलेली एखादी होडी द्या. काय दिसतं, कसला वास येतो, हाताला काय लागतं, हे पाच मिनिटं मराठीत किंवा मालवणीतही लिहू द्या. त्यातून पाच ओळी: पहिलीत एक नाम, दुसरीत दोन विशेषणं, तिसरीत ‘इंग’ची तीन क्रियापदं, चौथीत चार शब्दांचं वाक्य, पाचवीत पुन्हा एक नाम.

पहिला खर्डा बहुधा असा येतो: ‘बोट / ब्यूटिफुल, नाइस / गोइंग, कमिंग, स्टँडिंग’. इथे एकच विचारा: हे विशेषण हापूसलाही चालेल का? चालत असेल तर खोडा. मग हळूहळू असं काही उतरतं:

बोट
ड्राय, कव्हर्ड
वेटिंग, लिसनिंग, पीलिंग
रेन नॉक्स ऑल नाइट
ऑगस्ट

‘पीलिंग’ हा शब्द रंगाचे पोपडे स्वतः पाहिलेल्या मुलालाच सुचतो. पहिल्या खर्ड्यावर लाल शाईने व्याकरण तपासू नका. सगळ्यात चांगल्या शब्दाखाली रेघ आणि एका ढोबळ शब्दाभोवती गोल, बस. व्याकरण दुसऱ्या खर्ड्यात. दोन्ही खर्डे वर्गातच लिहून घ्या, घरी नकोत. ‘रापण’ (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं), ‘खाडी’ हे शब्द इंग्रजी कवितेत तसेच राहू द्यावेत, असं आमचं ठाम मत आहे.

प्रश्न (कनिष्ठ महाविद्यालय, रत्नागिरी): सॉनेट शिकवताना मुलं बिचकतात.

उत्तर: सुरुवात मालगुंडपासून करा. सॉनेट मराठीत आणलं ते तिथे जन्मलेल्या केशवसुतांनी, ‘सुनीत’ हे नाव त्याला नंतर मिळालं. 14 ओळी मोजून झाल्या की विचार कुठे वळतो तेवढंच शोधायला सांगा. इटालियन रचनेत बहुधा आठव्या ओळीनंतर. शेक्सपिअरच्या रचनेत पुष्कळदा शेवटच्या दोन ओळींत.

प्रश्न (पालक, मालवण): दहावीच्या कवितेच्या रसग्रहणात मुलीचे गुण जातात. गाईडमधलं पाठ करते.

उत्तर: पाठ केलेल्या उत्तरात कवितेत नसलेले अलंकारही येतात. तिला अलंकाराच्या नावासोबत तो नेमका कोणत्या शब्दांत आहे तेही लिहू दे. अनुप्रास आवाजावरून ठरतो: ‘सी’ आणि ‘शोअर’ यांचं पहिलं अक्षर एकच, पण आवाज वेगळे, म्हणून अनुप्रास नाही, ‘काइट’ आणि ‘क्रॅब’ यांची अक्षरं वेगळी, तरी आहे. यमकाची मांडणीही ओळी मोठ्याने म्हणून मगच लिहायची. परीक्षेत ओठ हलवून पुटपुटलं तरी चालतं.